न उघडणारी डिकी, न लागणारी डिकी

मोटारदुरुस्तीच्या धंद्यात इंजिन उतरवणाऱ्या मिस्त्रीला जो मान मिळतो तो डिकीचे कुलूप दुरुस्त करणाऱ्याला मिळत नाही, आणि जगाचा शिरस्ता पाहता त्यात अस्वाभाविक असे काही नाही. कारण इंजिन बिघडले की गाडी जागच्या जागी थांबते, डिकी बिघडली तर मात्र गाडी चालत राहते आणि मालक ‘पुढच्या सर्व्हिसिंगला पाहू’ असे म्हणत महिनोन्‌महिने ती तशीच वापरतो. तथापि चिपळुणात मुंबई–गोवा महामार्गालगत गॅरेज चालवीत असताना ज्या कामांनी माझी तपासाची बुद्धी खऱ्या अर्थाने घडवली त्यांत डिकीच्या तक्रारींचा वाटा फार मोठा आहे, आणि तो मान्य केल्यावाचून या धंद्याविषयी काही लिहिणे मला अप्रामाणिक वाटेल. इंजिनाचा दोष आवाजाने, धुराने, उष्णतेने किंवा शक्ती घटल्याने आपली ओळख देतो. डिकीचा दोष बहुधा डिकीच्याच आत असतो, आणि तो पाहण्यासाठी जे झाकण उघडावे लागते तेच नेमके उघडत नसते. म्हणून येथे डोळ्यांच्या आधी विचार चालवावा लागतो, आणि पान्याच्या आधी प्रश्न.

माझी उमेदवारी मुंबईत टॅक्सीच्या गॅरेजात झाली. त्या काळी कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या प्रीमियर पद्मिनी आमच्या दारात रांगेने उभ्या असत, आणि अधूनमधून सरकारी दिमतीची एखादी ॲम्बॅसिडर येई. विजेचा संबंध तेव्हा डिकीच्या कुलपापर्यंत पोहोचलेला नव्हता. किल्ली, कुलूप, आतला दांडा आणि त्या दांड्याने सुटणारी पकड, एवढाच सारा संसार. दोष यांपैकी कोठेतरी असणारच, आणि तो हाताच्या बोटांना कळत असे. किल्ली फिरते पण हाताला ओझे लागत नाही, याचा अर्थ आतला दांडा निसटला. किल्ली फिरतच नाही, याचा अर्थ कुलपात धूळ तरी साचली किंवा किल्ली तरी झिजली. आमचे उस्ताद किल्ली घातली की क्षणभर डोळे मिटीत. हा माणूस देवाचे नाव घेतो आहे की काय असे मला प्रथम वाटले होते, पण ते बोटांनी ऐकत होते, हे पुढे माझी बोटे ऐकू लागली तेव्हा मला उमगले.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि मागच्या बाजूला डिकीऐवजी पाचवे दारच असलेल्या लहान गाड्यांचे युग सुरू झाले. चालकाच्या आसनाशेजारी खटका आला, खटक्यापासून मागपर्यंत पोलादी तारेची केबल आली. त्यानंतर सेंट्रल लॉकिंग आले, किल्लीवर बटण आले, आणि अखेर अशा गाड्या आल्या की ज्यांच्या डिकीवर किल्लीचे छिद्रच उरले नाही. मालकाची सोय वाढत गेली तसतशी मालकाचे बोट आणि डिकीची पकड यांच्यामधली वाट लांबत गेली, आणि त्या वाटेवरची ठाणीही वाढत गेली. कलेक्टर कचेरीतून सुटलेला हुकूम प्रांताकडे, तेथून मामलेदाराकडे, तेथून तलाठ्याकडे उतरत उतरत शेवटी गावच्या चावडीवर पोहोचावा, तद्वत बटणाचा हुकूम किल्लीतल्या लहानशा प्रक्षेपकापासून गाडीच्या नियंत्रकाकडे, तेथून फ्यूज आणि रिलेमधून तारेकडे, तारेतून डिकीतल्या मोटरकडे आणि मोटरकडून पकडीकडे जातो. चावडीवर अंमल झाला नाही म्हणून कोणी तलाठ्याला बडतर्फ करीत नाही. हुकूम मुळात तेथवर पोहोचला होता काय, याची आधी चौकशी होते. मोटारीच्या धंद्यात मात्र तलाठ्याला बडतर्फ करण्याची घाई फार. डिकी उघडत नाही असे म्हटले की नवे लॉक मागवले जाते; ते बसवूनही उघडली नाही की मोटर, आणि मोटर बसवूनही उघडली नाही की मग तार.

डिकीची तक्रार लोक दोन प्रकारे सांगतात: ‘उघडत नाही’ आणि ‘लागत नाही’. त्यांना हे दोन निराळे रोग वाटतात. वस्तुतः दोन्ही तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा तळहाताएवढ्या एकाच यंत्रात असते. गाडीच्या अंगावर पक्की बसवलेली एक पोलादी कडी असते, तिला आम्ही स्ट्रायकर म्हणतो; झाकणात लॅच असतो, आणि लॅचमध्ये दोन गोष्टी असतात, फिरणारा पंजा आणि त्या पंजाला अडवणारी खिटी. झाकण खाली येते, कडी पंजात शिरते, पंजा तिच्याभोवती वळतो आणि खिटी खाचेत पडून पंजाला परत फिरू देत नाही, म्हणजे डिकी लागली. किल्ली, केबल किंवा मोटर खिटीला मागे ओढते, पंजा सुटतो आणि कडी मोकळी होते, म्हणजे डिकी उघडली. खिटी मागे सरली नाही तर उघडत नाही, आणि पुढे येऊन खाचेत पडली नाही तर लागत नाही. चिकट मेण झालेले जुने ग्रीज, घाटातली तांबडी धूळ, गुहागर-दापोलीकडच्या खाऱ्या हवेने धरलेला गंज, यांपैकी कोणतेही कारण या दोन्ही दोषांना जन्म देऊ शकते. आज जी डिकी लागत नाही तीच उद्या उघडणार नाही, असे मी ग्राहकाला सांगतो, आणि तसे घडल्याचे पुष्कळदा पाहिले आहे.

येथेच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण तिच्यासाठी गॅरेजात येण्याची मुळीच गरज नसते. न उघडणाऱ्या डिकीपाशी उभा राहिलेला माणूस बहुधा एका हाताने बटण दाबतो आणि दुसऱ्या हाताने झाकण जिवाच्या कराराने वर ओढतो. झाकणाच्या कडेचे रबर दबलेले असते, त्याचा वरचा रेटा पंजावर आणि पंजाचा खिटीवर आधीच आलेला असतो. वर ओढल्याने तो रेटा वाढतो आणि खिटी अधिकच घट्ट आवळली जाते. अशा वेळी एकाने झाकण दोन्ही तळव्यांनी खाली दाबावे आणि दुसऱ्याने त्याच क्षणी बटण दाबावे किंवा खटका ओढावा. खिटीवरचा भार उतरतो आणि पुष्कळ डिक्या कोणतेही हत्यार न लावता उघडतात. उघडली म्हणजे दोष गेला असे नव्हे. परंतु दोष पाहण्याची सोय झाली.

गणेशचतुर्थीच्या आधीचे दोन-तीन दिवस महामार्गावरच्या प्रत्येक गॅरेजवाल्याच्या परीक्षेचे असतात. मुंबई-ठाण्याहून निघालेल्या गाड्या वर्षभराचे दुखणे घेऊन, काठोकाठ भरून, एकदमच कोकणात उतरतात. अशाच एका हरितालिकेच्या दुपारी एक कुटुंब आले. लांब डिकीची गाडी, आत मखराचे सामान, गौरीचे दागिने, नवी वस्त्रे, आणि त्याच डिकीत आजींच्या इन्शुलिनची बर्फपेटी. वाटेतल्या एका गॅरेजात थांबले होते. तेथे ‘लॉकभोवतीचा पत्रा कापावा लागेल’ असा निर्णय मिळाला होता. चालवणारा तरुण घामाघूम झालेला, त्याची पत्नी उपवासाने थकलेली, आणि आजी मात्र शांत बसून म्हणत होत्या, “अरे, त्यांना आधी काय झालं ते नीट सांग तरी.”

मी म्हणालो, “आजी, तुमचं बरोबर आहे. साहेब, बाकीची चार दारं रिमोटनं उघडतात का?”

ती उघडत होती. म्हणजे किल्लीतला प्रक्षेपक जिवंत, नियंत्रक जिवंत. डिकीचे बटण दाबून पाहिले, मागे कान लावला. कसलाही आवाज नाही. मोटर फिरून खिटी अडली असती तर निदान एक दबका ठोका ऐकू आला असता. मग दिवे लावायला सांगितले आणि मागे जाऊन पाहिले, तो नंबरप्लेटचे दोन्ही दिवे विझलेले. ते केव्हापासून, हे कोणालाच ठाऊक नव्हते. कारण स्वतःच्या गाडीच्या नंबरप्लेटचे दिवे पाहणारा मालक विरळा. मी मागचा कॅमेरा चालतो का असे विचारले. तरुण म्हणाला, चालतो. तेव्हा मागच्या आसनावरचा शाळकरी मुलगा म्हणाला, “नाही हो काका. पनवेलला बाबांनी गाडी मागे घेतली ना, तेव्हा स्क्रीन काळी झाली होती.”

माझ्या लेखी तपास त्या वाक्याशी संपला होता. डिकीची मोटर, नंबरप्लेटचे दिवे आणि कॅमेरा या तीन निरनिराळ्या वस्तू. त्या तिन्ही एका वेळी स्वतंत्रपणे बिघडणे जवळजवळ अशक्य. परंतु तिघींच्या तारा गाडीच्या अंगातून झाकणात शिरतात त्या एकाच वाटेने, बिजागरीजवळच्या रबरी नळीतून. झाकण जितक्या वेळा उघडते आणि मिटते तितक्या वेळा त्या नळीतल्या तारा त्याच ठिकाणी वाकतात. वर्षे लोटतात, वरचे प्लास्टिक शाबूत राहते आणि आतले तांब्याचे केस एकेक करून तुटतात. बाहेरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही.

त्या गाडीच्या मागच्या आसनाची पाठ पडणारी नव्हती. बैठक उचलली, पाठीचे खालचे दोन बोल्ट सोडवले आणि पाठ काढली, तेव्हा मागच्या लोखंडी चौकटीत हात जाईल एवढी भोके दिसली. एका भोकातून विजेरीचा प्रकाश, दुसऱ्यातून टोक वाकवलेली सळई; सामानाच्या फटीतून लॅचपर्यंत पोहोचून तेथली लहानशी कळ बाजूला सारली, आणि झाकण उघडले. पत्र्याला ओरखडा नाही, रंगाला धक्का नाही. बर्फपेटी आधी बाहेर काढली आणि आजींच्या हाती दिली. पेटीतला बर्फ अजून पुरता वितळला नव्हता. मग रबरी नळी सरकवून तारा एकेक करून हलकेच ओढल्या, तेव्हा एक तार प्लास्टिकसकट लांबली. आतले तांबे तुटलेले असले म्हणजे तार अशी ताणली जाते. शाबूत तार ताणत नाही. तिच्याशेजारची आणखी एक तुटण्याच्या बेतात होती. दोन्हींच्या जागी बारीक केसांच्या, मऊ सिलिकॉन वेष्टनाच्या तारा घातल्या आणि सांधे वाकणाच्या जागेपासून दूर, दोन्ही बाजूंच्या सरळ भागांत ठेवले. कारण डाक दिलेला सांधा कडक होतो, आणि तो बिजागरीपाशीच ठेवला तर त्याच्या कडेला तार पुन्हा तुटते. हा एवढा नियम पाळला जात नाही म्हणून कित्येक दुरुस्त्या वर्षाच्या आत परत येतात.

तारेच्या या दोषात एक फसवणूक आहे, ती माझ्याकडच्या प्रत्येक उमेदवाराला मी पहिल्या महिन्यातच दाखवतो. मल्टीमीटर लावला तर तुटत आलेली तारही बारा व्होल्ट दाखवते. उमेदवार समाधानाने सांगतो, ‘वीज येते आहे, म्हणजे मोटर गेली’, आणि नव्या मोटरीचा खर्च मालकाच्या माथी बसण्याची वेळ येते. मीटरला प्रवाह जवळजवळ लागतच नाही. विसांतला एक केस शिल्लक असला तरी त्याचे काम भागते. मोटरला काही अँपियर प्रवाह हवा असतो, आणि तो ओढताक्षणी त्या एकुलत्या केसातून व्होल्टेज कोसळते. म्हणून मी मोटरच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा दिवा जोडून पाहतो. त्याला पावणेदोन अँपियर लागतात; तो लख्ख पेटला तर तार निरोगी, लालसर मिणमिणला तर तार रोगी. जुना दिवा, दोन तारा आणि दोन चिमटे एवढ्यावर हे साधन बनते, आणि महागड्या संगणकी तपासणीयंत्राने न सांगितलेले सत्य त्याने मला अनेकदा सांगितले आहे. संगणकी यंत्राचा मी अनादर करीत नाही. हुकूम सुटला की नाही हे ते उत्तम सांगते. पण शेवटच्या कोसावर काय घडले हे सांगणे त्याच्या आवाक्यात नेहमीच नसते.

डिकी लागत नाही या तक्रारीत पहिला प्रश्न असा की झाकण कडीपर्यंत पोहोचते का. पुष्कळदा आतल्या गालिच्याचा कोपरा, एखादी पिशवी किंवा स्टेपनीवरची उचललेली फळी मध्ये आलेली असते. कधी झाकण उघडे असताना कोणीतरी, विशेषतः लहान मूल, पंजाला बोटाने फिरवून ठेवते. मग बंद झालेला पंजा कडीवर आदळतो आणि झाकण उसळते. बटण दाबून पंजा पुन्हा मोकळा केला की काम झाले. ज्या गाड्या खिशातली किल्ली ओळखतात त्यांत दुसरी किल्ली डिकीत राहिली असेल तर गाडी कुलूप लावण्यास नकार देते, आणि हा नकार मालकाच्या हिताचाच असतो. तेथे लॉकला दोष देणे चूक.

मागून लहानसा धक्का बसलेल्या गाडीचा प्रकार निराळा. डोळ्याला सर्व सरळ दिसते, तरी कडी दोन-तीन मिलिमीटर सरकलेली असते, आणि या यंत्राला तेवढे अंतर फार झाले. पंजाच्या तोंडाला बोटभर ग्रीज लावून झाकण अलगद टेकवावे आणि उचलावे. कडीवर डाग कोठे उठला ते पाहून ती कोणत्या बाजूला सरकवायची हे ठरते. बोल्ट थोडेच सैल करावेत, म्हणजे कडी हाताने नव्हे, लाकडाच्या हलक्या ठोक्याने सरकेल. झाकणाच्या कोपऱ्यांतली रबरी बटणे फिरवून खालीवर करता येतात, तीही पाहावीत. ती फार बाहेर आली असली तर झाकण खाली बसत नाही, फार आत गेली असली तर खड्ड्यांतून खडखडाट होतो. झाकण जोराने आपटून लावण्याची सवय हा या कामातला सर्वांत मोठा शत्रू आहे. आपटल्याने आज लागते, परंतु कडी रोज थोडी थोडी हलते, आणि झाकणातली तारही रोज थोडी थोडी झिजते.

एक गाडीवाला न लागणारी डिकी नायलॉनच्या दोरीने बांधून कऱ्हाडहून कुंभार्ली घाटाने खाली आला होता. घरची मंडळी बरोबर होती. वाटेत सर्वांची डोकी जड झाली, लहान मुलीला दोनदा उलटी झाली. घाटाची वळणे लागली असतील असे त्यांनी मानले. मी गाडीत डोके घालताच मला धुराचा वास आला. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, आणि मागची फट उघडी असली तर सायलेन्सरचा धूर त्या फटीतून आत ओढला जातो. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन आणि गंधहीन असतो. वास येतो तो इतर द्रव्यांचा. म्हणजे वास आला नाही तरी विष असू शकते. त्या दिवशी मी गाडीआधी माणसांना सावलीत बसवले, पाणी दिले आणि मुलीला जवळच्या डॉक्टरांकडे पाठवले. संध्याकाळपर्यंत ती बरी होती. तेव्हापासून दोरीने बांधलेली डिकी घेऊन कोणी ‘दोन दिवसांनी आणतो’ असे म्हणाला तर मी त्याला जाऊ देत नाही. निदान पकड बसेल एवढे तात्पुरते काम करूनच सोडतो, पैसे मागाहून दिले तरी चालतील असे सांगून.

डिकी लागलेली दिसते, पण गाडीला ती लागली असे वाटत नाही, हा आणखी एक सूक्ष्म प्रकार. लॅचच्या पोटात एक लहान स्विच असतो. डिकी बंद आहे की उघडी, ही बातमी तो नियंत्रकाला देतो. तो चिकटला तर गाडी डिकीला उघडीच समजते: फलकावर दिवा राहतो, कुलूप लागून पुन्हा सुटते, आणि डिकीतला दिवा रात्रंदिवस जळतो. आमच्या भागातले एक डॉक्टर खेड्यापाड्यांत रात्री-अपरात्री जात. त्यांच्या गाडीची बॅटरी दर दोन-तीन दिवसांनी उतरे. नवी बॅटरी घेऊन झाली होती, तीही उतरू लागली. रात्री कोणी अडलेली बाई वाट पाहत असायची आणि गाडी सुरू होत नसे. त्यांचा त्रागा मला योग्यच वाटला. डिकीतला ५ वॅटचा दिवा म्हणजे सुमारे ०.४ अँपियर. चोवीस तासांत जवळजवळ दहा अँपियर-तास गेले, आणि ३५ अँपियर-तासांची बॅटरी दोन दिवसांत अर्ध्याहून अधिक रिकामी झाली. बंद डिकीत दिवा जळतो की विझतो हे पाहण्यासाठी मी मोबाइलवर चित्रण सुरू करून तो आत ठेवला, झाकण लावले, थोड्या वेळाने काढून पाहिला. साऱ्या चित्रणात उजेडच उजेड. पेट्रोलने लॅच धुऊन, वाळवून, पांढरे लिथियम ग्रीज लावल्यावर स्विच मोकळा झाला. डॉक्टरांची जुनी बॅटरी बहुधा निर्दोष होती.

वंगणाविषयी थोडे. आमच्या कोकणात घरोघरी खोबरेल असते आणि न फिरणाऱ्या कुलपात ते घालण्याची रीत आहे. खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजते. उन्हाळ्यात जे कुलूप त्याने सुरळीत झाले तेच पौषातल्या पहाटे जाम होते, आणि मालक थंडीला दोष देतो. किल्लीच्या छिद्रात कोणतेही तेल नको. धूळ त्याला चिकटून त्याचा गाळ बनतो. तेथे ग्रॅफाइटची कोरडी पूड घालावी. ग्रीज लॅचला, तेही जुने संपूर्ण काढून.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले तेव्हाचे दिवस आठवले की अजूनही हात थांबतात. पाणी ओसरल्यावर रस्तोरस्ती गाड्या चिखलात रुतून, एकमेकींवर टेकून उभ्या होत्या. लोक प्रथम बॅटरी जोडून गाडी सुरू होते का पाहू लागले. मी भेटेल त्याला हात जोडून सांगत होतो की बॅटरी जोडू नका, आधी डिकी उघडू या. कारण स्टेपनीच्या खळग्यात घागरीभर गाळपाणी साचते आणि तेथून ते तारांच्या जोडांत झिरपत राहते. खळग्याच्या तळाशी रबरी बूच असते, ते काढले की पाणी जाते. परंतु तेथवर पोहोचण्यासाठी डिकी उघडावी लागते, आणि लॅचमध्ये नदीचा मऊ गाळ सिमेंटसारखा बसलेला. पाठी पाडून, आत सरपटत जाऊन, बाटलीने स्वच्छ पाणी ओतून तो गाळ विरघळवावा आणि मग कळ हलवावी, असे आम्ही गाडीमागून गाडी करीत गेलो. एका व्यापाऱ्याने पाणी चढताना घाईघाईने हिशेबाच्या चोपड्या डिकीत टाकल्या होत्या. त्या भिजून लगदा झालेल्या निघाल्या. तो काही बोलला नाही. चोपड्या छातीशी धरून बराच वेळ उभा राहिला. जोडांत उरलेल्या ओलाव्याचा परिणाम पुढे कित्येक महिने दिसत राहिला: पितळी पिनांवर हिरवी बुरशी चढलेली, आणि डिकी कधी उघडते, कधी नाही.

आता पैशांची गोष्ट, कारण ती टाळणे योग्य नव्हे. त्या हरितालिकेच्या दिवशी नव्या लॉकचे बिल मी दिले असते तर कोणी एक शब्दही काढला नसता. दोन वीतभर तारांच्या कामाचे पैसे सांगितले तेव्हा तरुणाने क्षणभर माझ्याकडे पाहिले. आपल्या समाजात वस्तूला किंमत आहे, तपासाला नाही. डबाबंद नवा भाग हातात दिसतो, म्हणून त्याचे पैसे द्यायला मन तयार होते. दोष कोठे नाही हे एकेक करून ठरवीत शेवटी तो कोठे आहे येथवर पोहोचण्याचे श्रम डोळ्यांना दिसत नाहीत. परिणाम असा की, प्रामाणिक मिस्त्रीलाही सुटे भाग बदलण्याचा मोह पडतो, आणि चांगले असलेले लॉक, चांगली असलेली मोटर भंगारात जाते. माझ्या बिलात ‘तपासणी’ हे कलम स्वतंत्र असते आणि त्यापुढची रक्कम मी कमी करीत नाही. उमेदवार पोरांनाही सांगतो की या कलमाची लाज बाळगू नका. तुमची विद्या तेथे आहे.

शेवटी एक विनंती, आणि ती मी अत्यंत कळकळीने करतो. १९९८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत तीन घटनांत मिळून अकरा मुले मोटारींच्या डिकीत अडकून दगावली. त्यानंतर तेथे १ सप्टेंबर २००१ पासून बनणाऱ्या, स्वतंत्र डिकी असलेल्या प्रत्येक मोटारीत आतून सुटका होण्याची सोय सक्तीची झाली. आपल्याकडच्या गाड्यांत अशी सोय कोठे असते, कोठे नसते. तेव्हा आपली गाडी एखाद्या रविवारी अंगणात सावलीत उभी करावी, मागच्या आसनाची पाठ पडते का पाहावे, आत विजेरी घेऊन लॅचची कळ कोठे आहे ते शोधावे, आणि ती हाताने सरकवून डिकी आतून एकदा उघडून पाहावी. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ती जागा दाखवून ठेवावी. उभ्या गाडीच्या किल्ल्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत, आणि लपंडाव खेळताना मूल सापडत नसेल तर सर्वांत आधी डिकी उघडावी.